चॅनल सोळा कोण ऐकतंय?

१४ फेब्रुवारी १९८२ची रात्र. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटाच्या पूर्वेला, सेंट जॉन्स शहरापासून सुमारे २६७ किलोमीटरवर, भर अटलांटिकमध्ये ‘ओशन रेंजर’ ही तेलविहिरी खोदणारी अजस्र तरंगती रिग वादळात सापडली होती. त्याच टापूत आणखी दोन रिग होत्या, ‘सेडको ७०६’ आणि ‘झापाटा उगलँड’. संध्याकाळी आठच्या सुमारास तिथल्या लोकांच्या कानावर वॉकी-टॉकीवरचं एक बोलणं पडलं. ते त्यांच्यासाठी नव्हतं. ओशन रेंजरवरची माणसं आपसात बोलत होती. खिडकीची काच फुटली आहे, कंट्रोल रूममध्ये पाणी शिरलंय, पॅनेल ओलं झालंय, हात लावला की शॉक बसतो, झडपा आपोआप उघडमिट करताहेत. मदतीची हाक कुणी मारली नाही. किनाऱ्याशी झालेल्या बोलण्यातही काळजीचं काही कारण आहे असं कुणी म्हटलं नाही.

मध्यरात्र उलटून गेल्यावर, बारा वाजून बावन्न मिनिटांनी रिगवरून पहिला ‘मेडे’, म्हणजे जीव धोक्यात असल्याची हाक, आला. रिग एका बाजूला कलली होती. दीड वाजता शेवटचा निरोप आला, की यापुढे इथून रेडिओवर बोलणं होणार नाही, आम्ही लाइफबोटींकडे निघालो आहोत. पहाटे तीननंतर रिग बुडाली. वर ८४ माणसं होती, एकही वाचला नाही. हाती लागले फक्त २२ मृतदेह.

पुढे न्यायमूर्ती अलेक्झांडर हिकमन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला, तेव्हा साक्ष द्यायला रिगवरचा कुणी उरला नव्हता. त्या संध्याकाळी काय झालं हे जुळवताना आयोगाला मोठा आधार मिळाला तो शेजारच्या रिगवरच्या लोकांच्या कानांचा. ओझरतं ऐकलेलं ते बोलणं ८४ माणसांच्या मरणाचा पुरावा ठरलं. पहिलं बोलणं कानावर पडल्यापासून मेडे येईपर्यंत जवळपास पाच तास गेले, आणि ही गोष्ट मला काही केल्या विसरता येत नाही.

समुद्रावरच्या आणीबाणीतल्या रेडिओचा विषय निघाला की चर्चा यंत्रांवर जाते. ताकद किती, पल्ला किती, उपग्रह कोणता. त्या सगळ्याचं मोल आहेच. पण गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांतल्या मोठ्या दुर्घटना एकापाठोपाठ एक वाचत गेलं की वेगळंच चित्र दिसतं. हाक बहुतेक वेळा निघालेली असते. ती ऐकायला कुणी होतं का, ऐकणाऱ्याला ती कळली का आणि कळल्यावर त्याने काय केलं, यावर माणसांचा जीव ठरलेला असतो. हा आढावा त्या ऐकण्याचा आहे.

झोपलेला ऑपरेटर आणि मौनाचं घड्याळ

सुरुवात टायटॅनिकपासूनच करावी लागते. १४ एप्रिल १९१२च्या रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी जहाज हिमनगावर आदळलं. ‘कॅलिफोर्नियन’ हे जहाज काही मैलांवर बर्फात थांबून होतं. त्याचा एकुलता एक ऑपरेटर सिरिल इव्हान्स याने थोड्याच वेळापूर्वी टायटॅनिकला बर्फाची खबर देण्याचा प्रयत्न केला होता. तिकडचा जॅक फिलिप्स प्रवाशांच्या तारा पाठवण्यात बुडालेला होता, त्याने त्याला गप्प राहायला सांगितलं. दिवसभर काम करून थकलेल्या इव्हान्सने साडेअकरानंतर यंत्र बंद केलं आणि तो झोपला. नियम कुठलाच मोडला नव्हता, कारण चोवीस तास ऐकत राहण्याचा नियमच नव्हता. उलट जवळपास ९३ किलोमीटरवरच्या ‘कार्पेथिया’चा हॅरल्ड कॉटम झोपायच्या तयारीत असूनही त्याच्या कानांवर हेडफोन तसेच होते. त्या योगायोगामुळे सातशेच्या वर माणसं वाचली. पंधराशेच्या आसपास गेली.

त्याच रात्री दुसरीही एक गोष्ट घडली. अमेरिकेच्या किनाऱ्यावर अनेक हौशी मंडळी घरगुती यंत्रांवर हा सगळा गलबला ऐकत होती, मध्येच संदेशही सोडत होती. दुसऱ्या दिवशी काही वृत्तपत्रांनी छापलं की प्रवासी सगळे सुखरूप आहेत आणि टायटॅनिकला ओढून हॅलिफॅक्सला नेलं जात आहे. अर्धवट ऐकलेले, एकमेकांत मिसळलेले संदेश त्या बातमीच्या मुळाशी होते, आणि दोष हौशी लोकांच्या माथी आला. अमेरिकेने १९१२मध्येच कायदा करून हौशी ऑपरेटरांना परवाना सक्तीचा केला आणि त्यांना २०० मीटरच्या खालच्या लहरींवर ढकललं. १९१४च्या आंतरराष्ट्रीय करारात जहाजांवर सतत ऐकत राहण्याचं बंधन आलं. म्हणजे ऐकणाऱ्याचं कर्तव्य आणि ऐकणाऱ्यावरचं बंधन ही दोन्ही एकाच रात्रीतून जन्मली.

त्यानंतर समुद्रावर एक सुंदर प्रथा रूढ झाली. जहाजांच्या रेडिओ रूममध्ये एक खास घड्याळ असायचं. त्याच्या तबकडीवर पंधरा ते अठरा आणि पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस मिनिटांच्या जागी लाल पाचरी रंगवलेल्या असत. काटा लाल पाचरीत शिरला की ५०० किलोहर्ट्झवर सगळ्यांनी पाठवणं थांबवायचं आणि फक्त ऐकायचं. तासाच्या सुरुवातीची आणि अर्ध्या तासानंतरची तीन-तीन मिनिटं हिरवी असत, ती २१८२ किलोहर्ट्झवरच्या बोलण्यासाठी. तबकडीच्या कडेला चार-चार सेकंदांच्या लाल रेघा असत. त्या पाहून ऑपरेटर एका मिनिटात बारा लांब ठोके पाठवू शके. त्या ठोक्यांनी दुसऱ्या जहाजांवर आपोआप घंटा वाजे आणि झोपलेला ऑपरेटर जागा होई.

जगातल्या सगळ्या महासागरांवर, दर तासाला, ठरल्या मिनिटांना मौन पाळलं जायचं. एखाद्या क्षीण हाकेला जागा मिळावी म्हणून बाकीच्या सगळ्यांनी आपलं काम बाजूला ठेवायचं, इतका साधा त्यामागचा विचार होता. यंत्र कितीही चांगलं असलं तरी गोंगाटात हाक हरवते, हे त्या पिढीला कळलेलं होतं.

फलाटावर आग, आणि बोलायलाच कुणी नाही

तेलाच्या फलाटांचं संकट जहाजांपेक्षा वेगळं असतं. इथे शेकडो माणसं एकाच लोखंडी गावात राहतात. एका फलाटावरचं तेल आणि वायू शेजारच्या फलाटांशी नळांनी जोडलेले असतात. त्यामुळे रेडिओला दोन कामं करावी लागतात. बाहेरून मदत बोलवायची आणि शेजाऱ्यांना त्यांचे नळ बंद करायला सांगायचं.

६ जुलै १९८८च्या रात्री दहाच्या सुमारास स्कॉटलंडमधल्या अॅबर्डीनच्या ईशान्येला सुमारे १९० किलोमीटरवर ‘पायपर अल्फा’ फलाटावर स्फोट झाला. पहिल्या काही मिनिटांतच रेडिओ रूम सोडावी लागली. फलाटावरची लाउडस्पीकरची व्यवस्था निकामी झाली. जेवणघराच्या भागात माणसं जमली होती, पण काय करायचं याचा हुकूम त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही. जे वाचले त्यांतले बरेचसे वाट न पाहता स्वतःच्या जबाबदारीवर निघाले, समुद्रात उतरले किंवा उड्या मारल्या. १६७ माणसं मेली, ६१ वाचली.

पायपर हा त्या परिसरातला दूरसंचाराचाही नाका होता. क्लेमोर आणि टार्टन या शेजारच्या फलाटांचा किनाऱ्याशी संपर्क मोठ्या प्रमाणात त्याच्यामार्फत चालायचा. पायपर कोसळला तशी ती वाटही तुटली. आग डोळ्यांना दिसत होती, पण उत्पादन थांबवायचं का, हे विचारायला आणि सांगायला वेळ गेला, आणि तोवर शेजारच्या नळांमधला दाब पायपरच्या आगीला खाद्य पुरवत राहिला. लॉर्ड कलन यांच्या चौकशी अहवालात १९९० साली १०६ शिफारशी आल्या आणि त्यांच्यावर जगभरच्या फलाटांची सुरक्षा नव्याने उभी राहिली. माझ्या दृष्टीने त्यातला एक धडा साधा आहे. ज्या ठिकाणी आग लागू शकते, त्याच ठिकाणी सगळ्यांचा आवाज बांधून ठेवू नये.

ओशन रेंजरकडे पुन्हा पाहिलं तर तिथे यंत्रं चालू होती. कमी पडलं ते उमजणं. पाणी भरून-सोडून रिगचा तोल सांभाळणाऱ्या व्यवस्थेचं पुरेसं शिक्षण तिथल्या माणसांना नव्हतं, म्हणून झडपा आपोआप उघडताहेत या वाक्याचा अर्थ त्यांनाच पुरता लागला नाही. शेजाऱ्यांना तो कसा लागावा? थंड पाण्यात जीव तगवणारे पोशाखही रिगवर नव्हते. मदतीला धावून आलेलं ‘सीफोर्थ हायलँडर’ एका लाइफबोटीच्या अगदी जवळ पोचलं, आणि त्याच्या डोळ्यांदेखत ती उलटली. पाच तास आधी कुणी ओळखलं असतं तर मदत पाच तास आधी निघाली असती.

एस्टोनियाची सात मिनिटं

२८ सप्टेंबर १९९४, बाल्टिक समुद्र. टॅलिनहून स्टॉकहोमला निघालेली ‘एस्टोनिया’ फेरी ९८९ माणसं घेऊन वादळात होती. रात्री १ वाजून २२ मिनिटांनी चॅनल सोळावर, म्हणजे समुद्रावर संकटाच्या हाकेसाठी ठरलेल्या रेडिओ वाहिनीवर, तिची पहिली हाक गेली. जवळची ‘सिल्या युरोपा’ आणि ‘मारियेला’ या फेऱ्यांनी ती ऐकली. तुर्कूच्या सागरी बचाव केंद्रानेही ऐकली, आणि तिथल्या फितीवर हे सारं संभाषण टिकून राहिलं.

ते संभाषण वाचताना अंगावर काटा येतो. सिल्या युरोपावरचा माणूस आधी विचारतो, मेडे देताय का? त्याला समजत नाही की एवढी मोठी, ओळखीची फेरी खरंच बुडते आहे. बोलणं इंग्रजीत सुरू होतं आणि मग फिनिश भाषेत वळतं, कारण जिवावर बेतलं की माणसाला जवळची भाषा हवी असते. जहाज वीस-तीस अंश कललंय, वीज गेली आहे, असं एस्टोनियावरून सांगितलं जातं. नेमकं ठिकाण सांगता येत नाही, कारण वीज गेल्यामुळे ते कळायचं साधनच हाताशी राहिलेलं नाही. ठिकाण मिळायला सुमारे सात मिनिटं लागली, आणि त्यानंतर लगेचच आवाज थांबला. १ वाजून ५० मिनिटांच्या सुमारास जहाज रडारवरूनही नाहीसं झालं.

आता ऐकणाऱ्यांकडे पाहू. हेलसिंकीच्या किनारी केंद्राने ती हाक ऐकली नाही. सिल्या युरोपाने त्याला चॅनल सोळावर बोलावलं, उत्तर आलं नाही, आणि शेवटी मोबाइल फोनचा आधार घ्यावा लागला. त्या केंद्राने सगळ्या जहाजांना उद्देशून जो संदेश प्रसारित केला, तो मेडेचा नव्हता, ‘पॅन-पॅन’चा होता. म्हणजे तातडीचा, पण त्याहून खालच्या पायरीचा. एस्टोनियावरचे उपग्रहाला संकेत देणारे तरंगते बॉय पुढे किनाऱ्यावर सापडले, ते चालू केलेलेच नव्हते. मारियेला दोन वाजून बारा मिनिटांनी पोचली. सिल्या युरोपाचे कप्तान एसा मॅकेला यांनी त्या अंधारात आणि लाटांत सगळ्या जहाजांच्या शोधकामाचं सूत्र हाती धरलं. १३७ माणसं वाचली, ८५२ गेली.

ही कुणा एकाची चूक म्हणून सोडून देण्यासारखी गोष्ट नाही. हाक ऐकल्यावर तिच्यावर विश्वास बसायला लागणारा वेळ हा माणसाच्या स्वभावातच असतो. म्हणून सरावाने तो कमी करावा लागतो. ऐकू आलेली हाक खरी धरून चालायचं, खोटी निघाली तर नंतर पाहू, ही सवय अंगात मुरावी लागते.

बटणाचं युग

त्याच सुमारास जग नव्या व्यवस्थेकडे निघालं होतं. जीएमडीएसएस म्हणजे सागरी संकट आणि सुरक्षेची जागतिक दूरसंचार व्यवस्था १ फेब्रुवारी १९९२ला सुरू झाली आणि १ फेब्रुवारी १९९९पासून मोठ्या जहाजांवर पूर्णपणे लागू झाली. आता व्हीएचएफ रेडिओ सेटवर झाकणाखाली एक लाल बटण असतं. झाकण उचलायचं आणि काही सेकंद बटण दाबून धरायचं. सेट चॅनल सत्तरवर आपोआप जहाजाचा नऊ आकडी क्रमांक आणि ठिकाण पाठवतो. भारतीय जहाजांचे हे क्रमांक ४१९ने सुरू होतात. पल्ल्यातल्या प्रत्येक जहाजावर कर्कश गजर वाजतो. त्याखेरीज ४०६ मेगाहर्ट्झवर बोलणारा बॉय जहाज बुडालं की पाण्यावर येतो आणि थेट उपग्रहाला संकेत देतो.

एस्टोनियाच्या त्या सात मिनिटांचं उत्तर या बटणात आहे, हे मान्य करायला हवं. ठिकाण विचारत बसावं लागत नाही. पण या बदलात रेडिओ ऑफिसर ही जागाच जहाजावरून गेली. आपल्याकडच्याही कित्येक तरुणांनी मोर्सची परीक्षा देऊन या नोकरीवर आयुष्य काढलं होतं. आता ते काम डेकवरच्या अधिकाऱ्यांच्या इतर कामांत मिसळलं. ३१ जानेवारी १९९७ला फ्रान्सच्या नौदलाने मोर्समधला आपला शेवटचा संदेश पाठवला. आमच्या चिरंतन मौनाआधीची ही अखेरची हाक, असा त्याचा आशय होता. त्या दिवसाबरोबर लाल पाचरींचं घड्याळही इतिहासजमा होत गेलं.

खोट्या गजरांचा रोगही नव्या व्यवस्थेला जडला. चुकून दाबलेली बटणं, कचऱ्यात फेकलेले बॉय, चाचणी करताना सुटलेले संकेत. खोट्या गजरांची संख्या खऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त असते. सतत खोटा गजर ऐकणारा माणूस खऱ्या गजरालाही सावकाश उठतो. म्हणूनच शक्य असेल तोवर जहाजांनी चॅनल सोळा कानाने ऐकत राहावं, हा नियम अजून टिकून आहे आणि तो टिकायलाच हवा.

बटण दाबण्याचा अधिकार कुणाचा, हाही प्रश्न उरतोच. २० एप्रिल २०१०ला मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ रिगवर स्फोट झाला. रिगच्या नियंत्रण कक्षातल्या एका तरुण अधिकारी स्त्रीने मेडे दिला. परवानगीशिवाय दिल्याबद्दल त्या क्षणीही आपल्याला बोलणी बसली, असं तिने नंतर सांगितलं. जवळ ‘डेमन बँकस्टन’ हे पुरवठा जहाज होतं, त्यावर ११५ माणसं सुखरूप पोचली, ११ गेली. ज्याला धोका दिसला त्याला हाक मारायची मुभा असावी, हे कागदावर लिहून ठेवायची आणि सरावात घोटून घ्यायची गोष्ट आहे.

आपल्या समुद्रावर

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे महाराष्ट्रातल्या कुणाला सांगावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी, २७ जुलैला दुपारी चारच्या सुमारास, मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर मुंबई हायच्या उत्तर फलाटावर आग लागली, हे मात्र अनेकांच्या आठवणीतून निसटलं. ‘समुद्र सुरक्षा’ या जहाजावरच्या एका जखमी माणसाला फलाटावर न्यायचं होतं. खवळलेल्या समुद्रात जहाज फलाटावर आदळलं आणि वायूचा नळ फुटला. दोन तासांच्या आत अख्खा फलाट नाहीसा झाला. पाण्यात बुडालेल्या मुंबईतून हेलिकॉप्टरं वेळेवर उडू शकली नाहीत. तरीही ३८४ पैकी ३६२ माणसं वाचली, कारण जवळपासची जहाजं, नौदल आणि तटरक्षक दल पोचलं. भर समुद्रात जीव वाचवतो तो बहुतेक वेळा जवळचा ऐकणारा असतो.

१७ मे २०२१ला तौक्ते वादळात ‘पी-३०५’ बार्ज नांगर तुटून वाहत गेली, एका फलाटावर आदळली आणि बुडाली. तिच्यावर २६१ माणसं होती. आयएनएस कोची आणि इतर नौकांनी उसळत्या लाटांत १८६ जणांना वर काढलं. त्याच वादळात ‘वरप्रदा’ ही टगबोट बुडाली, तिच्यावरच्या १३ पैकी दोघंच वाचले. वादळाचे इशारे हवामान खात्याने दिवसन् दिवस आधीपासून दिले होते. इशारा सगळ्यांच्या कानावर गेला होता. कानावर जाणं आणि मनावर घेणं यांतलं अंतर त्या रात्री कित्येक घरांना भोगावं लागलं.

मासेमारीच्या बोटींची गोष्ट आणखी निराळी आहे. मागे रत्नागिरीकडच्या एका बंदरात ट्रॉलरच्या केबिनमध्ये बसलो होतो. सेट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, मिठाच्या हवेने कळांवर पांढरी पूड आलेली, शेजारी देवीचा फोटो. तांडेलाने सेट चालू केला तशी नुसती खरखर आली. त्याने स्क्वेल्चचा गोल खटका फिरवला आणि केबिन शांत झाली. मला म्हणाला, “एवढी खरखर रात्रभर कोण ऐकणार? डोकं उठतं.” त्याचं म्हणणं खरंच होतं. पण तो खटका गरजेपेक्षा जास्त फिरवला की खरखरीबरोबर लांबून येणारा क्षीण आवाजही गिळला जातो. लहान बोटींमध्ये व्हीएचएफचा पल्ला दहा-पंधरा सागरी मैलांचा. त्या पल्ल्याच्या काठावर कुणी बुडत असेल, तर त्याचा आवाज त्या शांततेत कधीच पोचणार नाही. खटका इतकाच फिरवायचा की खरखर जेमतेम थांबावी, हे कुणीतरी प्रत्येक खलाशाला हातात सेट देऊन शिकवायला हवं.

साधनं आता येताहेत. इस्रोने मच्छीमारांसाठी संकटसंकेत देणारं यंत्र बनवलंय. ३० ऑगस्ट २०२४ला पालघरमध्ये देशभरच्या एक लाख मासेमारी नौकांवर टप्प्याटप्प्याने ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या योजनेला सुरुवात झाली. तटरक्षक दलाचं मुंबईचं सागरी बचाव केंद्र अहोरात्र जागं असतं आणि १५५४ या क्रमांकावर फोन करता येतो. पण फोनला समुद्रात रेंज नसते, आणि फोन एकालाच ऐकू जातो. चॅनल सोळावरची हाक पल्ल्यातल्या सगळ्यांना एकाच वेळी ऐकू जाते. बोटीबोटींवर मोबाइल आला म्हणून व्हीएचएफ पिशवीत राहिला, तर आपण शेजाऱ्यालाच गमावतो.

बाहेरचे कान

जे संकटात नाहीत, बचावातही नाहीत, आणि तरी ऐकतात, त्या घरबसल्या ऐकणाऱ्यांचा प्रश्न शेवटी येतो. पूर्वी स्कॅनर हे महागडं यंत्र होतं. आता संगणकाला लावायच्या छोट्याशा डोंगलवर कुणीही लहरी ऐकू शकतो, आणि परदेशांतल्या अनेक ठिकाणचा आवाज इंटरनेटवरून थेट मिळतो. मार्च २०२४मध्ये बाल्टिमोरला ‘डाली’ हे मालवाहू जहाज पुलावर आदळलं. पायलटच्या इशाऱ्यावरून पोलिसांनी मिनिट-दीड मिनिटात पुलावरची वाहतूक अडवली. पुलावर काम करणाऱ्या सहा जणांचा मात्र जीव गेला. पोलिसांचं ते बोलणं काही तासांत जगाने ऐकलं. जहाजावरचे बहुतेक खलाशी भारतीय होते, त्यामुळे इथल्या घरांतही ते ऐकलं गेलं.

कायदे देशोदेशी वेगळे आहेत. ब्रिटनमध्ये आपल्यासाठी नसलेला संदेश मुद्दाम ऐकणं आणि त्याचा मजकूर दुसऱ्याला सांगणं, दोन्ही गुन्हा आहे. अमेरिकेत ऐकण्याला बरीच मोकळीक आहे. १९३४च्या दूरसंचार कायद्यात ऐकलेलं उघड करण्यावर बंधन आहे, पण संकटातल्या जहाजांविषयीचे संदेश त्यातून वगळले आहेत. आपल्याकडे १९३३च्या कायद्याने परवान्याशिवाय बिनतारी यंत्र बाळगायलाच मनाई होती, आणि २०२३च्या दूरसंचार कायद्याने त्या जुन्या चौकटीची जागा घेतली. अमेरिकी कायद्यातला तो अपवाद मला फार शहाणपणाचा वाटतो. संकटातली हाक खासगी नसते. जो ऐकेल त्याची ती असते.

ऐकणाऱ्यावर जबाबदारी मात्र येतेच. टायटॅनिकच्या वेळच्या सुखरूप असल्याच्या बातमीने किती घरांना दिवसभर खोट्या आशेवर ठेवलं असेल! आज ते काम व्हॉट्सअॅपवरचा वीस सेकंदांचा तुकडा करतो. अर्धवट ऐकलेलं नाव किंवा आकडा पुढे ढकलला, की कुणाच्या तरी दारात मरण चुकीच्या वेळी पोचतं.

चांगलं ऐकणं कसं असतं याचं उदाहरणही आपल्याच देशात आहे. डिसेंबर २००४मध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हौशी रेडिओचा एक गट पोर्ट ब्लेअरमध्ये होता. २६ तारखेला त्सुनामी आली, फोन बंद पडले, आणि या परवानाधारक हौशी मंडळींनी वाचलेल्यांच्या खबरी मुख्य भूमीवर पोचवायला सुरुवात केली. ते शिकलेले होते. केव्हा बोलायचं, केव्हा वाट द्यायची, नाव कसं लिहून घ्यायचं, न ऐकू आलेलं परत कसं विचारायचं, हे त्यांच्या हाताला माहीत होतं.

मग काय करावं?

संकटाची वाहिनी उघडी राहावी, तिला कुलूप लागू नये. बचाव चालू असताना तिच्यावर गप्प राहावं आणि ऐकलेलं फक्त बचाव केंद्राला सांगावं. वेळ आणि शब्द जसेच्या तसे लिहून ठेवावेत, कारण ओशन रेंजरसारखी वेळ आली तर ती वही हीच साक्ष असते. चौकशी संपली की फिती लोकांना ऐकायला मिळाव्यात, कारण एस्टोनियाचं संभाषण टिकलं म्हणून आपण आज त्यावरून शिकू शकतो. आणि कोळीवाड्यांतल्या सोसायट्यांमध्ये, तांडेलांच्या सरावात आणि समुद्रकाठच्या शाळांतही ऐकणं हे काम म्हणून शिकवलं जावं.

सेडको आणि झापाटावरच्या त्या माणसांना मी दोष देत नाही. त्यांनी ऐकलेलं खरं सांगितलं, आणि त्यांच्या साक्षीवरून पुढच्या रिगवरची माणसं सुरक्षित झाली. पण त्या रात्री आठ वाजता एखाद्याने नुसतं विचारलं असतं, ‘ओशन रेंजर, तुमचं पाणी आटोक्यात आहे ना?’ एवढ्या एका प्रश्नाला पैसे लागत नाहीत, उपग्रह लागत नाही. हातातला खटका थोडा मागे फिरवून, खरखर सोसून, तो विचारावा लागतो.